पाटी येण्याआधी आई जे बोलली

अण्णा, तुमचं एक चित्र सापडलं. सगळं नाही, मधला एक तुकडा. मराठवाड्यातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर, तुटक्या खुर्च्यांखाली एका डब्यात होता म्हणे. तुम्ही तर म्हणायचात की माझं एकही चित्र आता उरलेलं नाही, सगळी जळाली, नासली, भंगारात गेली. हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर दुःख कधी दिसायचं नाही, आणि मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस हा, स्वतःची आयुष्यभराची कमाई गेली तरी शांत. तो तुकडा बघितल्यापासून मला दुसराच संशय येतो. चित्रं गेली याचं तुम्हाला बरंच वाटत असणार. तुम्हाला जाऊन पंधराएक वर्षं झाली, पण मी अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

बातमी घेऊन आले ते पुण्याचे एक प्राध्यापक. जुन्या मूकपटांचा अभ्यास करतात. ते थेट आमच्या उल्हासनगरच्या कारखान्यात आले, जिथे मी जीन्सच्या चेकिंगला बसते. तुम्ही होतात तेव्हा इथे गाद्यांच्या खोळी शिवायचे, आता सगळी गल्ली जीन्सची झाली आहे. माझ्या बहिरेपणाची इथे कुणाला अडचण नाही, कारण मशिनी चालू झाल्या की सगळेच बहिरे. उलट सेठलाच माझी धास्ती. काचेच्या केबिनमध्ये बसून तो फोनवर काय बोलतो ते मला बाहेरून कळतं, त्यामुळे कापडवाल्याशी भाव ठरवताना तो खुर्ची भिंतीकडे फिरवतो. प्राध्यापकांचं बोलणं मात्र मला अजिबात कळेना. मिशा ओठांवर आलेल्या. शेवटी त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, की तुमचे वडील आपल्याकडच्या मूकपटाच्या पहिल्या पिढीतले दिग्दर्शक, त्यांच्या एका चित्राचा भाग मिळाला आहे, आणि अंबरनाथला तो दाखवून तुमचा सत्कार करायचा आहे. सेठनेही तो कागद वाचला आणि माझ्यासमोर येऊन, सावकाश ओठ हलवत म्हणाला, "बहनजी, आपके पिताजी डायरेक्टर थे? इतने साल में बताया नहीं कभी?"

काय सांगणार होते मी? मला ठाऊक होते ते अंबरनाथच्या आगपेटीच्या कारखान्यात छापाची चित्रं रंगवणारे अण्णा. वाघ, मोर, घोड्यावरचा शिपाई. त्याआधीचं आयुष्य तुम्ही गोष्टीसारखं तुकड्यातुकड्याने सांगितलंत, तेही लहर आली तर. कल्याणला दुकानांच्या पाट्या रंगवत होतात. मुंबईत एका तंबूत हलती चित्रं बघितलीत आणि जेवणखाण सुचेना. पाट्या रंगवून, उसनंपासनं करून एक जुना कॅमेरा मिळवलात, त्याची दांडी हाताने फिरवावी लागायची, आणि एका लयीत फिरवता यावी म्हणून तुम्ही महिनोन्महिने आमच्या आजीचं जातं ओढलंत. हे सांगताना तुम्ही हसायचात. मग देवादिकांची चित्रं, राजाराणीची चित्रं. गावोगाव लोक पडद्याला हार घालायचे. बायकांची कामं पुरुष करायचे, आणि एक राणी तर म्हणे दोन शॉटच्या मध्ये विडी ओढायची. पुढे बोलपट आला. तुम्हाला बोलावणी आली, पण तुम्ही गेला नाहीत. आता माणसं चेहरा वापरत नाहीत, नुसतं तोंड चालवतात, असं म्हणालात आणि ब्रश घेऊन अंबरनाथला आलात. प्राध्यापकांनी यातलं बरंच लिहून घेतलं. त्यांच्या मते तुमची सगळ्यात मोठी करामत म्हणजे चेहरा. त्या काळात सगळे लांबून, नाटकासारखं चित्र घेत असताना तुम्ही कॅमेरा माणसाच्या तोंडाजवळ नेलात.

ते मला कुणी सांगायला नको होतं. मी सात वर्षांची असताना विषमज्वर झाला आणि उतरला तेव्हा कान घेऊन गेला. डॉक्टरांनी हात टेकले. आई भिंतीला टेकून बसली, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरात खिडकीसमोर पाटावर बसवलंत. सकाळचा उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे समोर बसलात आणि बोलायला लागलात. रोज, कामावर जायच्या आधी. मी तुमच्या हातांकडे बघितलं की हनुवटी धरून मान वर करायचात. एकदा मी नळावरच्या दोन बायकांचं बोलणं लांबून वाचलं आणि घरी येऊन मोठ्याने सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा भडकलात. "दिसलं म्हणजे सांगायचं, असं नसतं," असं तीनतीनदा म्हणालात. पण त्याच आठवड्यात एक हातात मावेल एवढा आरसाही आणून दिलात, माझे शब्द बिघडू नयेत म्हणून स्वतःचे ओठ बघायला. बहिऱ्या मुलीला कुणी शाळेत घेत नव्हतं त्या दिवसांत तुम्ही मला माणसांत ठेवलंत. आज पन्नाशी उलटून गेली, मी माझ्या कमाईचं खाते, बदलापूरला हेंद्रेपाड्यात माझी स्वतःची खोली आहे, कुणाच्या दारात उभी नाही. हे सगळं तुमच्यामुळे, असं मी जो भेटेल त्याला सांगत आले.

तर, कॅसेट. प्राध्यापकांनी त्या तुकड्याची व्हिडिओ कॅसेट करून आणली होती. माझ्याकडे कुठला व्हीसीआर? सेठने रविवारी स्वतःच्या घरी बोलावलं. त्याच्या बायकोने सरबत दिलं, सोफ्यावर बसवलं, आणि स्वतःही डोक्यावर पदर घेऊन बसली, देवाधर्माचं चित्र आहे म्हणून. आधी नुसत्या रेघा आणि ठिपके. मग अंबरनाथचं देऊळ. आपलं देऊळ, अण्णा, तीच काळी शिल्पं, आणि खाली वालधुनीचं पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड दिसतात. आज त्या नदीला कारखान्यांचे रंग आहेत, रोज वेगळा. मला त्या पाण्याचंच इतकं नवल वाटलं की पायऱ्या उतरणाऱ्या राणीकडे मी आधी नीट बघितलंच नाही. तिच्या हातात परडी, परडीत मूल. वनवासातली राणी शत्रूच्या भीतीने आपलं बाळ नदीत सोडते, असा प्रसंग. ती कमरेएवढ्या पाण्यात उतरते, परडी सोडते, आणि मग कॅमेरा एकदम तिच्या चेहऱ्यावर येतो.

ती आई होती.

माझ्या हातातलं सरबत सांडलं. सेठची बायको उठून फडकं घेऊन आली, मी तिच्याकडे बघितलंही नाही. आपली आई कधी सिनेमाच्या थिएटरची पायरी चढली नाही. शेजारणी न्यायला आल्या तर डोकं दुखतं म्हणायची. फोटो काढायचा म्हटलं की उठून जायची. आणि इथे ती विशीसुद्धा न ओलांडलेली, कपाळावर खोटा मुकुट, पडदाभर. तुम्ही मला विडी ओढणाऱ्या राणीची गोष्ट शंभरदा सांगितलीत, पण या चित्रातली राणी आई होती हे एकदाही सांगितलं नाहीत. प्राध्यापकांच्या कागदावर तिच्यापुढे 'अज्ञात अभिनेत्री' असं लिहिलेलं होतं. आणि मी या धक्क्यातून सावरायच्या आत ती बोलायला लागली.

अण्णा, मूकपटातली माणसं नुसते ओठ हलवतात, असं सगळ्या जगाला वाटतं. कुणाला ऐकू जाणार नसतं, म्हणून ती वाटेल ते बोलतात, हे तुम्हीच मला हसत सांगितलं होतंत. तुमचा हनुमान म्हणे समुद्र ओलांडताना दुपारच्या जेवणाची चौकशी करत होता. आई जेवणाची चौकशी करत नव्हती. ती नदीकडे बघतही नव्हती. ती सरळ माझ्याकडे बघत होती, म्हणजे कॅमेऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, आणि म्हणत होती, "अवो, पोर रडत नाय." मग पुन्हा. "अवो, पुरं करा. पानी लय गार हाय. पोर रडत नाय." लग्नानंतर तुम्ही तिची बोली घासूनपुसून शहरी केलीत, घरी मी तिला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. ही चामटोलीची बोली होती, तिच्या माहेरची. कुठली राणी नवऱ्याला अवो म्हणते? तिचे डोळे विस्फारलेले, गालावरून पाणी वाहतंय, आणि कॅमेरा हलत नाही. दांडी एका लयीत फिरतेच आहे. मग पडदा काळा झाला आणि तुमच्या वळणदार अक्षरांत पाटी आली, 'जा राजसा, आजपासून गंगामाईच तुझी माता!' सेठच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला.

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. सेठला वाटलं, वडिलांची आठवण आली. मला वाटत होतं की मी चुकते आहे, बघताबघता ओठ वेगळं काही बोलतील. प, ब आणि म हे ओठांवर एकसारखेच दिसतात, त्यामुळे माझीही फसगत होते, हे तुम्हाला माहीत आहे. पण दर वेळी ती तेच म्हणाली. मला एक भाऊ होता, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, तो तान्हा असतानाच तापाने गेला, एवढं घरात बोललं जायचं. एवढंच. त्याचा फोटो नव्हता की नाव घेतलं जात नव्हतं. मी सेठच्या सोफ्यावर बसून माझ्या भावाला पहिल्यांदा पाहिलं, परडीत, आणि तो रडत नव्हता.

घरी आले आणि आईचं एकेक आठवायला लागलं. ती तुमच्याशी बोलताना तोंडावर पदर घ्यायची. माझ्याशी बोलताना नाही, शेजारणींशी नाही, फक्त तुमच्याशी. नाहीतर पाठ करून, चुलीकडे तोंड करून बोलायची. मला वाटायचं जुन्या वळणाची आहे, नवऱ्याचा मान राखते. मोठी झाले तेव्हा वाटलं, माझ्यापासून काही लपवायचं असेल. माझ्यापासून लपवायचा प्रश्नच नव्हता, मला ऐकू येत असतानाही ती तशीच बोलायची, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. हे मला असह्य झालं. आईही जाऊन कैक वर्षं झालेली, विचारणार कुणाला? मग चामटोलीची मावशी आठवली. आईची धाकटी बहीण, त्याच गावात दिलेली, ऐंशीच्या पुढे गेलेली, पण दात सोडले तर सगळं शाबूत.

मावशी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी नदीचं चित्र सापडलं म्हटल्यावर तिचे हात थांबले. मावशीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, आणि गर्दी हवी म्हणून तुम्ही चामटोलीची सगळी माणसं बैलगाड्यांतून देवळाकडे नेली होतीत. राणीचं काम करणारा नट आदल्या दिवशी नाटक कंपनीत पळाला, म्हणून आईला उभं केलंत. बाळ ऐन वेळी दुसऱ्या कुणाचं आणणार? घरचंच होतं. थंडीचे दिवस, आणि तुम्हाला देवळावरून येणारं पहिलं ऊन आईच्या तोंडावर हवं होतं, म्हणून पहाटेपासून तिला पाण्यात उतरवत होतात, चढवत होतात. मावशीने माझ्याकडे तोंड करून, तुम्ही लावलेल्या शिस्तीने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "तुजा बा वाईट नव्हता. त्यानं बाजंवाले आनले व्हते, ताईला रडू यावं म्हनून. ढोल इतका वाजत व्हता, आमालाच काय ऐकाया येत नव्हतं. त्याचा डोला त्या पेटीत व्हता. पोराला आमीच पान्यातनं काढलं." बाळ तिथे गेलं नाही. घरी आणलं, ताप भरला, छाती भरली, आणि ते गेलं.

म्हणजे तुम्ही ऐकलं नव्हतंत. मला केवढा आधार वाटला, सांगता येत नाही. मी मावशीचा हात धरला. पण ती थांबली नव्हती. म्हणाली, बाळाचे दिवस झाले आणि तुम्ही मुंबईहून ती फीत धुऊन आणलीत. खिडकीत उजेडासमोर धरून आईच्या तोंडाची एकेक चौकट बघत बसायचात, सकाळभर. जोडायचं काम होतं, पाटी कुठे घालायची ते ठरवायचं होतं. एक दिवस, ताईच्या सोबतीला येऊन राहिलेल्या मावशीला हाक मारलीत आणि विचारलंत, ही इथे काय म्हणते आहे? मावशी अडाणी माणूस, खोटं कशाला बोलेल? ताई पाण्यात काय ओरडत होती ते तिने नंतर ताईकडूनच ऐकलं होतं. तिने सांगितलं. पुन्हा पहिल्या चौकटीपासून बघायला लागलात, ते शब्द स्वतः दिसेपर्यंत. आठवडाभर तेच केलंत. ओठ वाचायला तुम्ही असे शिकलात. मग पाटी लिहिलीत आणि त्या जागी चिकटवलीत. आईने त्या दिवसापासून तोंडावर पदर घेतला.

मी तिथून कशी निघाले ते मला आठवत नाही. तुम्ही फीत जाळू शकला असतात. तेवढा चेहरा कापून टाकू शकला असतात. तुम्ही तो ठेवलात, कारण तो चांगला आला होता. आणि मला पाटावर बसवून, खिडकीच्या उजेडात हनुवटी धरून जे दिलंत, ज्याच्यावर मी आयुष्य काढलं, ते तुम्ही कुठून मिळवलं होतंत ते मला माहीत नव्हतं. ते आईला माहीत होतं. ती त्याच स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती आणि तुमची शिकवणी बघत होती. तिने मला त्या पाटावरून उठवलं नाही. कसं सोसलं असेल? आणि तुम्ही, अण्णा, रोज सकाळी माझ्यासमोर बसून ओठ हलवताना तुम्हाला काय दिसत होतं? मला राग येतो, इतका येतो की कामावर हातातल्या जीन्सच्या शिवणी दिसेनाशा होतात. आणि तेवढ्यात आठवतं की तुम्ही नसतात तर मी मुकी राहिले असते.

सत्काराला मी खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून गेले होते. अंबरनाथचा तो हॉल भरला होता. दारूगोळा कारखान्यातले निवृत्त लोक, शाळेतल्या बाई, तुमच्या आगपेटीवाल्या जुन्या सोबत्यांची मुलं. माझ्या शेजारी माझ्याच टेबलावर चेकिंग करणारी मैत्रीण, स्टेजवरचं बोलणं मला ओठांनी सांगायला. तुकडा दाखवला. पाटी आल्यावर लोक रडत होते, आणि दिवे लागल्यावर टाळ्या. माझ्या आईच्या किंकाळीला साठपासष्ट वर्षांनी टाळ्या पडताना मी पाहिल्या. मग प्राध्यापकांनी विचारलं, "ताई, तुम्ही ओठ वाचता. ही अभिनेत्री तिथे काय म्हणते आहे, सांगाल का?" मैत्रिणीने मला ते सांगितलं. मी उभी राहिले. माझा आवाज मला ऐकू येत नाही, लोक म्हणतात तो जाडाभरडा आहे, पण शब्द कळतात. मी म्हणाले, "ती माझी आई आहे. परडीतला माझा भाऊ आहे. ती माझ्या वडिलांना सांगते आहे, पोर रडत नाही, पुरं करा."

सगळा हॉल गप्प झाला, हे मला चेहऱ्यांवरून कळलं. प्राध्यापकांनी डोळे पुसले. ते माइकवर काहीतरी बोलले, आणि एकदम सगळे हात वर आले, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मला काही कळेना. मी मैत्रिणीकडे वळले. तिचेही डोळे भरलेले. ती म्हणाली, "सर म्हणाले, बघा, कसा दिग्दर्शक होता, नवख्या बाईकडून एवढा खरा अभिनय करून घेतला, की बाळाच्या आईचंच काळीज बोलायला लागलं." मी तोंड उघडलं. अभिनय नव्हता, तो मेला, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला.

मी काहीच बोलले नाही. आईच्या तोंडावर दुसऱ्यांदा पाटी लागली आणि या वेळी मी तिथे उभी होते. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही याचं मला काही वाटत नाही, कारण खरी गोष्ट मला तुमच्यासमोर बसून सांगताच आली नसती. त्या टाळ्या बघताना माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, अण्णा. तुम्ही सुटलात, म्हणून मला बरं वाटलं.